होडी आली की पुसायचा फोटो

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी एक बाई धावत आली आणि तिने आपला फोन माझ्या हातात कोंबला.

"दादा, जागा भरली सांगतंय. पोराची होडी निघाली, फोटू काढायचाय. होडी घरी आली की मी पुसून टाकते."

फोन नातेवाइकांनी पाठवलेल्या सुप्रभातच्या गुलाबांनी तुडुंब भरला होता. ते पुसता पुसता मागच्या दिवाळीची तारीख असलेला एका होडीचा फोटो लागला.

"हा पुसू?"

"नको. त्याचा बाप हाय त्या होडीत. अजून यायचाय."

नवरा बाजारात गेल्यासारखं ती बोलली. माझं बोट त्या फोटोवरच थांबलं. तिची नजर पोराच्या होडीवर होती.

"हात चालवा ना, दादा!"

मी घाईघाईने पुन्हा गुलाब पुसू लागलो.