काकूंच्या दुधाची डिग्री

थोरल्या भावाचं गावात दूध संकलन केंद्र आहे. तो दोन दिवस कर्जतला लग्नाला गेला म्हणून दुधाचा दाटपणा मोजायचा लॅक्टोमीटर माझ्या हाती आला. मी संगमनेरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. दुधाची डिग्री बघणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असा माझा तोरा.

शेजारच्या काकूंचं दूध डिग्रीला बसेना, आकडा कमीच येई. मागे चांगली लांब रांग. मी मोठ्यानं म्हणालो, "काकू, यात पाणी आहे."

"न्हाई रे बाबा. आत्ताच धार काढून आणलंय. तुझं मापच चुकत आसल."

"माप चुकत नसतं, काकू," म्हणून मी हसलो. रांगही हसली. त्या किटली उचलून निघून गेल्या.

दुपारी कॉलेजात माझं व्याख्यान होतं. दीर्घिकांच्या कडेचे तारे हिशेबापेक्षा फार वेगानं फिरतात. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, तिथे न दिसणारं द्रव्य, डार्क मॅटर, भरलेलं आहे. थोडे म्हणतात, जास्तीचं काही नाही; गुरुत्वाकर्षणाचा आपला नियमच तिथे अपुरा पडतो. मी पहिल्या गटातला. पुरावाही बराचसा आमच्या बाजूनं आहे. पण ते द्रव्य अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही, म्हणून मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आकडा जुळला नाही की दोन्ही तपासायचं. आत काही लपलंय का, आणि आपला नियम तिथे लागू पडतो का."

बोललो आणि सकाळची किटली आठवली. काकूंचा गोठा केंद्राला लागूनच. दूध कोमट होतं, आणि कोमट दुधात डिग्री कमी दिसते. घनता आणि तापमान तर मी दरवर्षी घसा फोडून शिकवतो. भावाला फोन केला.

"त्यांचं दूध जरा निवू द्यायचं आस्तं," तो म्हणाला. "एवढं बी कळंना व्हय तुला?"

लाज वाटली, अजूनही आठवलं की कानशिलं तापतात. पण लाज वाटून दुसऱ्या सकाळी मी केलं काय? रांग सरायची वाट पाहिली. काकू सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. केंद्रात आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी पुटपुटलो, "काकू, काल माझं चुकलं. दुधात पाणी नव्हतं."

त्यांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"मला म्हाईत हाय की ते," त्या म्हणाल्या. "ज्यांना म्हाईत न्हाई, त्यांना जाऊ दिलंस व्हय?"