तांब्याले चारदा आग्रह

आमच्या पांढुर्ण्याच्या माती लॅबमदे पुड्या मोजून ठेवतात, किस्से कोणी मोजत नाही. म्हणून मातीपेक्षा किस्सेच जास्त साचले. माती तपासून झाली का फेकता तरी येते!

काम असं. संत्र्याच्या झाडाले वर्षानुवर्षं मोरचूद मारतात, त्यातलं तांबं मातीत बसते. किती सैल बसलं, किती घट्ट, हे पाहाले एकच माती चार औषधांनी चारदा धुवाची. पहिले चिंचेसारखं सौम्य आंबट, मंग कडक.

आम्ही तिघं. मॅडम, मी, अन् सौंसरहून रोज बसनं येणारी पल्लवी. तिले जबलपूरच्या लॅबमदे नोकरी लागली होती. शेवटची पुडी झाली का थे जाणार. किती पुड्या राहिल्या, हे मॅडम रोज फळ्यावर लिहीत. आकडा कमी होऊन राहिला होता. मॅडम खूश. मी खूश दिसाची प्रॅक्टिस करून राहिलो होतो.

*

रामाकोन्याचे एक काका माती घेऊन आले. म्हणे, "एकदाच धुवा न बापू, चारदा कायले?"

मी म्हटलं, "काका, पाहुण्याले 'जेवता का' विचारलं का पहिल्यांदा नाहीच म्हणते. दुसऱ्यांदा लाजते. तिसऱ्यांदा पाटावर बसते. तांब्याचं तसंच आहे."

"अन् चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा उचलून आणतो."

आठ दिवसांनी काका रिपोर्ट न्याले आले. पल्लवी म्हणे, "काका, चहा?" "नाही." "घ्या न!" "नाही म्हणलं न." थे कप उचलून चालली, तर काका घाबरून म्हणे, "बाई, अजून दोनच स्टेप झाल्या!"

*

एकदा लॅबचे सारे ट्रे भरले होते. लोधीखेड्याची ओली माती मी घरी नेऊन वाळवली. चार दिवसांनी मोजाच्या मशीननं एवढं तांबं दाखवलं का मॅडम खुर्चीतून उठल्या. "अरे, हे शेत आहे का खाण?"

पल्लवीनं माह्याकडे पाहिलं. "वाळवली कशात बे?"

"पितळेच्या परातीत."

"परातीत!"

"स्वच्छ होती न. आईनं चिंच लावून घासून देली होती!"

पल्लवी शांतपणे म्हणे, "मॅडम, पहिली स्टेप काकूनंच करून टाकली."

पुन्हा लोधीखेड्याले जा, पुन्हा माती आणा. काम आठवडाभर वाढलं. मी मुद्दाम नव्हतं केलं. पण आईचे पाय धरावेसे वाटले.

*

पहिल्या स्टेपले माती-औषधाच्या बाटल्या मशीनवर सोळा तास हलवा लागतात. दुपारी चारले लावाच्या, सकाळी आठले काढाच्या. एक दिवस पाचलेच लाइन गेली. पल्लवी म्हणे, "हातानं हलवू, येईलच लाइन." दोघं समोरासमोर बसून हलवून राहिलो. सहा वाजले. तिची सातची बस. बाहेरून चौकीदार डोकावला, "ताक होऊन राहिलं काय?"

लाइन आली. आख्ख्या पांढुर्ण्यात एकट्या मलेच वाईट वाटलं असंन!

*

तिसऱ्या स्टेपले पेरॉक्साइड थेंब थेंब टाका लागते. बाहेर संत्र्याच्या ट्रका चालल्या होत्या, मॅडम मीटिंगले. म्हटलं, आज बोलूनच टाकू.

"पल्लवी, मले तुले काही सांगाचं आहे."

"थांब थांब, उतू चाललं!" शेणखताची माती, फेस नळीच्या बाहेर. तिनं नळी गार पाण्यात धरली, टेबल पुसला, हातमोजे काढले, समोर येऊन उभी राहिली. "हं, बोल."

"शेणखत लय टाकलं होतं त्यायनं," मी म्हटलं.

*

मंग फळ्यावर शून्य आलं. बसस्टँडवर पल्लवी म्हणे, "येतो बरं."

मी म्हटलं, "खिडकीची सीट भेटली न?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी मशीन चालू केली. मॅडम आल्या. "यात बाटल्या कुठे आहेत?"

"नाहीत मॅडम. मशीनची सवय मोडू नये म्हणून."

मॅडमनं मशीन चालू राहू देली. सकाळी आठले काढाची सवय पण ठेवू देली.

*

महिनाभरानं कुरियर आलं. मॅडमनं फोडलं. आत किलोभर माती, प्लास्टिकच्या थैलीत, आमच्याच पद्धतीनं गाठ मारलेली.

"प्रोजेक्ट तर संपला," मॅडम म्हणे. "ही माती कोणाची?"

मी चिठ्ठी वाचली. अक्षर ओळखीचं.

"जागा: जबलपूर, होस्टेलच्या गेटजवळ. मोरचूद: कधीच नाही. तपासणी: चारही स्टेप. रिपोर्ट पोस्टानं पाठवू नये. करणाऱ्यानं स्वतः आणून द्यावा."