काळ्या पडद्याचं ॲप

जन्मापासून अंध असलेल्या त्या माउलीने बोटांनाच डोळे मानलं, आणि कानांना वाटाड्या! जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून, संगणक वाचून दाखवील ते ऐकत, तिने एकटीने एक ॲप रचलं. पडद्यावर कुठेही बोट ठेवावं, की थांब्याकडे कोणती बस येते आहे, ती किती दूर आहे, सारं कानात सांगणारं. अंधांच्या वसतिगृहातल्या तिच्या जुन्या सोबत्यांनी त्यासाठी धोशाच लावला होता. कारण बस येई, थांबे, आणि ‘ही कुठली हो?’ असं विचारेपर्यंत निघून जाई.

पण फोनमध्ये शिरायचं ते एकाच ॲप-दुकानाच्या दारातून, आणि त्या दारात परीक्षक बसलेले. बसावेतच! चोरटी ॲपं अडवणारा पहारा तिलाही हवाच होता. उत्तर मात्र आलं, “ॲप उघडते, पण चालत नाही. नामंजूर.” तिने कसून तपासलं, पुन्हा धाडलं, पुन्हा तेच. का, म्हणून विचारावं, तर तीच ठरावीक वाक्यं.

“सोबत्यांना काय सांगू गं आता?” ती नणंदेपाशी रडकुंडीला आली.

नणंदेने फोन हातात घेतला. “वहिनी, हा तर बंदच आहे!”

“बंद कसा? आत्ता माझ्याशी घडाघडा बोलत होता.”

“अगं, पडदा काळाकुट्ट आहे. एक अक्षर नाही त्यावर.”

“असावं लागतं?”

नणंद हसून हसून खुर्चीतच कोसळली. “आम्ही डोळस माणसं काही दिसल्याशिवाय बोट लावत नाही, बाई!”

“अगं बाई! तुम्हा बिचाऱ्यांना मी विसरलेच की!”

मग काय विचारता! नणंदेने ठळक अक्षरं निवडली, वहिनीने ती बसवली: ‘कुठेही बोट ठेवा आणि ऐका.’ परीक्षकांना तिने नम्रपणे लिहिलं, “पाहुण्यांसाठी दिवा लावायचा राहिला होता. आता लावला आहे. तरी एकदा डोळे मिटून वापरून पाहावे.”

उत्तर आलं: मंजूर! आणि त्या ठरावीक वाक्यांखाली, प्रथमच, कुणा माणसाची ओळ: “डोळे मिटून पाहिले. बस सापडली.”

दुसऱ्या दिवशी एका सोबत्याचा फोन खणखणला. मागे इंजिनाची घरघर, आणि त्यावर त्याचा चढा, आनंदाने फाटलेला आवाज: “बसलोय गं! कुणालाही न विचारता बसलोय!”

तिने फोनचा आवाज घरभर घुमेल इतका वाढवला.