मास्तरांची कात्री

आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांचे डोळे गेले आणि त्यांनी दुकान विकलं, मशीन देऊन टाकलं. ठेवली ती फक्त कापडाची कात्री. तिच्यानं एकदा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कागद कापला, तर मास्तरांनी दोन दिवस अबोला धरला होता. कागदानं धार जाते म्हणे. आता कापायला काही नव्हतं, तरी ती रोज पुसून ठेवत.

दुसरी चैन एकच होती. सकाळी बागेत चक्कर मारायची, ती एकट्यानं. चाळीस वर्षं गावाला शिवून घातलं आणि आता स्वतःचा सदरा उलटा की सुलटा हे बायकोला विचारावं लागतं. म्हणून त्या अर्ध्या तासावर त्यांचा जीव होता.

बाग कसली म्हणा! फाटकाशी नळ ठिबकायचा. तिथून मास्तर डावीकडे वळत. अठरा पावलांवर एक फरशी डुगडुगायची, म्हणजे बाक आलं. पुढे वाढलेलं झुडूप बाहीला घासलं की परत फिरायचं. आम्हा डोळसांना मात्र हा सगळा गलथानपणा दिसायचा.

मग आमच्या अंगात समाजसेवा संचारली. स्वयंसेवकांचा गट निघाला. नोकरीत एक फाईल कधी वेळेवर न हलवलेले निवृत्त साहेब अध्यक्ष झाले, दातांच्या डॉक्टरीणबाई उपाध्यक्ष, आणि अक्षर बरं म्हणून मी चिटणीस. पहिल्या तीन सभा टी-शर्टाच्या रंगावर गेल्या. पोपटी की शेवाळी यावरून दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

चौथ्या सभेला मास्तर आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, झाडं लावा, रंग लावा. फक्त आहे ते हलवू नका. मला त्याच्यावरून वाट कळते."

"अहो मास्तर, तुमच्यासारख्यांसाठीच तर चाललंय हे सगळं!" साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "चिटणीस, सूचना नोंदवून घ्या."

मी घेतली. 'इतर विषय' या मथळ्याखाली, चहाच्या आभारांच्या जरा वर. ती वही पुन्हा कुणी उघडली नाही. मीसुद्धा नाही.

पुढच्या दोन रविवारी आम्ही अक्षरशः तुटून पडलो. नळ दुरुस्त केला. झुडूप मुळासकट उपटलं. सगळ्या फरश्या सिमेंटात घट्ट बसवून वर एकच राखाडी रंग फासला. बाकं उचलून मधोमध गोल मांडली, आमच्या सभांना सोयीची म्हणून. फावड्याला हात लावण्याआधी प्रत्येकानं फावड्यासह फोटो काढला.

उद्घाटनाच्या सकाळी मास्तर आले. फाटकाशी कान देऊन बराच वेळ थांबले. तिकडे साहेबांचं भाषण रंगात आलं होतं. मास्तर अंदाजानं वळले आणि घोट्यापर्यंत ताज्या वाफ्यात शिरले.

"अगंबाई, माझी रोपं!" डॉक्टरीणबाई किंचाळल्या.

"माझी बागच चुकली वाटतं," मास्तर म्हणाले. लोक हसले. लाज वाटते सांगायला, पण मीही हसलो.

मग आम्ही काय करावं? ठराव केला! मास्तरांचा हात धरायला वारानुसार सात जणांची पाळी लावली. सोमवारी साहेब आले, फोटोपुरते. मंगळवारी मी. बुधवारी कुणीच फिरकलं नाही. काकूंनी विचारलं तर मास्तर म्हणाले, "राहू दे आता." तेव्हापासून ते घरातल्या घरात फिरू लागले. भिंतीला काठी लागली की ठक्, वळले, पुन्हा ठक्. खालच्या मजल्यावर मला ऐकू यायचं.

पंधरवड्यानं एका दुपारी मी 'ही बाग आपली आहे' असा फलक लावायला बागेत गेलो. वाटेवर मास्तर गुडघे टेकून बसले होते. काकूंना फाटकावरूनच घरी पाठवलेलं. हातात तीच कात्री. फरशीभोवतीचं सिमेंट तिच्यानं उकरत होते. कात्रीचं एक टोक तुटलं होतं.

"कोण?"

"मी, चिटणीस."

"बरं झालं आलात. फाटकापासून अठरा मोजली, पण नळ वाजत नाही, त्यामुळे सुरुवातच नीट कळेना. तुम्हीच बसवल्यात ना या? मग बघून सांगा, हीच ना ती हलणारी?"

मी वाकून पाहिलं. पुढची पाहिली, मागची पाहिली. सगळ्या सारख्याच राखाडी, सारख्याच घट्ट. मलाही सांगता येईना.