उलटा चढणारा ट्रॅक्टर

बाळांनो, काल तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत तुमची आई घरासमोरच्या चढावरचा बर्फ ट्रॅक्टरने काढताना दिसली. मी तो तीनदा पाहिला आणि नव्वदच्या दशकातली पाचगणीची एक सकाळ आठवली.

तुमची आई तेव्हा दहावीला होती. अकरा वाजता इतिहासाचा पेपर, पाय प्लास्टरमध्ये, आणि पहाटे अशा गारा पडल्या की घरापासून गेटपर्यंतचा तीव्र उतार पांढराशुभ्र झाला. हवेत तुटलेल्या निलगिरीच्या पानांचा वास होता. गाडी खाली नेणे शक्यच नव्हते. शेजारचे स्ट्रॉबेरीवाले रामभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले आणि तो उलटाच वर चढवू लागले.

"अहो, सरळ या ना!" मी ओरडले.

"आवं बाई, सरळ चढवला तर तोंड उचलतंय त्ये. आन् चाक घसरतंय, तुमच्या गुलाबाच्या वाफ्यातनं घ्याया लागंल. फुलं जपू का पोरीचा पेपर?"

मी वाफ्यातूनच या, अशी हाताने खूण केली. एक चाक वाफ्यातून घालत, मान मागे वळवून ते वर आले. मग मागची लोखंडी फळी टेकवून गारा ओढत उतरले. तुमची आई व्हरांड्यातून टक लावून बघत होती.

"ट्रॅक्टर काय बघतेस? पुस्तकात बघ!" मी तिच्यावर खेकसले.

पेपर वेळेवर मिळाला. त्यात काय विचारले होते, ते आता तिलाही आठवत नसेल. पण काल ती मान मागे वळवून, एक चाक कडेच्या मातीतून घेत, उलटी चढत होती. त्या सकाळी ती अभ्यासच करत होती.