दाराच्या उजव्या अंगाची अक्षरं

बायकोला मी सगळं सांगतो. साहेबानं झापलं ते सांगतो, पानवाल्याकडं काय हसलो ते सांगतो, नको ते पण सांगतो. हे मात्र तिलाही सांगितलेलं नाही. ती शेजारच्या खोलीत तांदूळ निवडते आहे आणि मी इथं तुम्हाला सांगत बसलो आहे — म्हणजे बघा, किती धीराचा गडी!

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आहे. लग्नकार्यात जेवणं झाली की कोणी तरी म्हणतंच, ‘बाबू, सांगा ना ते तिकीट-तपासनिसाचं.’ मी सांगतो. लोक हसतात. मी मुख्यतः माझीच फजिती सांगतो, त्यामुळं सगळ्यांना वाटतं, काय मोकळ्या मनाचा माणूस आहे! अहो, मोकळा कसला? ज्या फजित्या सांगून आपण लोकांना आवडतो, तेवढ्याच सांगायच्या. उरलेल्या दाबून ठेवायच्या. या हुशारीचा मला अलीकडं इतका संताप येतो की गोष्ट ऐन रंगात आली असताना आपल्याच थोबाडीत द्यावी असं वाटतं.

तर — त्र्यंबकभाऊ.

ते माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. नांदुऱ्याजवळच्या गावात त्यांची जमीन, कापूस भरपूर, धोतर पांढरंशुभ्र. आणि मी नांदुऱ्याच्या मालधक्क्यावर मालबाबू. महाराष्ट्र झाला त्याच्या दोनेक वर्षांनी माझं लग्न झालं, म्हणून त्या घरातला मी धाकटा जावई. सासर मेहकरचं.

त्र्यंबकभाऊंना एक नाद होता. कापसाच्या गाड्या घेऊन ते धक्क्यावर यायचे आणि आपली पाळी येईपर्यंत समोर उभ्या असलेल्या वाघिणींकडं बघत बसायचे. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. मेहकरला रेल्वेच नाही, तिथं हा शब्द ऐकून आमच्या चुलत सासूबाई दचकल्या होत्या, तो भाग वेगळा. बघता बघता भाऊ घरी वाघिणी करायला लागले. तुपाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून, वीतभर लांबीच्या. बोथट खिळ्यानं मागून टोचून एकेका रिव्हेटाचा उठाव काढायचे. सरकतं दार खरोखर सरकायचं. आजच्या वाघिणी नव्हेत हां — गोऱ्यांच्या काळातल्या जुन्या कंपनीच्या. त्या कंपनीची तीन इंग्रजी अक्षरं, खाली डब्याचा नंबर, त्याखाली रिकाम्या डब्याचं वजन, सगळं सफेद्यानं, बारीक कुंचल्यानं. भाऊंना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ते अक्षरं वाचत नव्हते, बघत होते.

दरवर्षी भाद्रपदात मेहकरला महालक्ष्म्या बसल्या की पुढच्या आराशीत ही मालगाडी लागायची. भाऊ एकेक वाघीण सरकीच्या कापसात गुंडाळून पेटीत भरायचे आणि ती पेटी मांडीवर घेऊन नांदुऱ्यापासून मेहकरापर्यंत एसटीनं यायचे. टपावर ठेवू द्यायचे नाहीत. कंडक्टर विचारायचा, ‘काय आहे हो, अंडे आहेत काय?’ भाऊ म्हणायचे, ‘वाघिनी आहेत.’ मग पुढं खामगावपर्यंत कंडक्टर काही विचारायचा नाही.

गाडी बघायला अर्धं मेहकर लोटायचं. ज्यांनी उभ्या जन्मात रूळ पाहिला नव्हता, ती माणसं हात जोडून आधी महालक्ष्म्यांना आणि मग वाघिणींना नमस्कार करायची. आणि त्यांच्या सगळ्या शंका भाऊंना. हे चाक असं काऊन? ही साखळी कायची? मी तिथंच उभा. रेल्वेचा माणूस, रेल्वेचा पगार खाणारा — मला कोणी काही विचारायचं नाही. सासरे तर एकदा चारचौघांत म्हणाले, ‘आमचे धाकले जावई रेल्वेत हायेत, पन रेल्वे मोठ्या जावयाच्या घरी हाय!’

सगळे हसले. बायकोसुद्धा हसली. मीही हसलो — माझाच आवाज सगळ्यात मोठा होता. पण ते वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. आता विचार करा, केवढीशी गोष्ट! सासऱ्याची थट्टा. ती कोणाला चुकली आहे? पण मी ती उराशी धरून बसलो.

आता तो जुना डबा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या मालधक्क्यामागं एक जुनी वाघीण चाकं काढून जमिनीवर टेकवलेली होती. आम्ही तिच्यात ताडपत्र्या ठेवायचो. एक अंग भिंतीला लागलेलं, एकच अंग मोकळं. रंग उडून उडून तिच्यावर काहीच दिसत नव्हतं. पण फळ्यांवर पाणी मारलं की खालची जुनी अक्षरं वर यायची — ओल्या लाकडावर पांढुरकी, भुतासारखी. वाळलं की गेली. हे मीच भाऊंना दाखवलं. खोटं कशाला बोलू, तो दिवस फार छान होता. रविवार होता. मी बादलीतून पाणी मारत होतो आणि भाऊ धोतर खोचून मापं घेत होते. त्यांचं माप म्हणजे सुतळी. दाराची रुंदी झाली — गाठ. अक्षराची उंची झाली — गाठ. दोन अक्षरांतली जागा — गाठ. फूटपट्टीला हात लावायचे नाहीत. ‘पट्टी इसरते, गाठ इसरत नाही,’ म्हणायचे. अक्षरं वाळत आली की ओरडायचे, ‘मारा बाबू, मारा! चालली पाहा!’ मी पुन्हा पाणी मारायचो. दोघंही भिजून गेलो. मी चहा मागवला. ते म्हणाले, ‘तुमच्याबिगर हे झालंच नसतं.’

अक्षरं दाराच्या डाव्या अंगाला होती. मी पाहिलं. बादली माझ्याच हातात होती.

पुढं पावसाळ्याआधी तो डबा भंगारात निघाला; त्या कंपनीची अक्षरं असलेली दुसरी वाघीण धक्क्यावर येणं तर कधीच बंद झालं होतं. कुऱ्हाडीनं फळ्या फोडल्या, लोखंड वेगळं केलं, संपलं. आणि सुतळीचं एक असतं — ती किती ते सांगते, कुठं ते सांगत नाही. डावं की उजवं, हे त्या गाठींत नव्हतं. ते जगात दोनच ठिकाणी उरलं होतं. त्र्यंबकभाऊंच्या डोळ्यांत आणि माझ्या.

त्या वर्षी महालक्ष्म्यांपुढं नवी वाघीण लागली, त्या जुन्या डब्यावरून केलेली. काय केली होती! मला आजही वाटतं, ती फुंकर मारली असती तरी चालली असती. बघणाऱ्यांत सासऱ्यांचे एक स्नेही होते, कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि विचारलं, ‘खऱ्या डब्यावर हे असंच लिहिलेलं असते काय?’ भाऊ तोंड उघडणार, एवढ्यात सासरे म्हणाले, ‘आज धाकल्या जावयाले इचारू. त्याइचंबी नाव होऊ द्या कधी तरी.’

पुन्हा हशा.

आणि मी बोललो. मला कोणी ढकललं नव्हतं. मी नुसतं ‘असंच असते’ म्हटलं असतं तरी माझा मान झाला असता. नाही! मी पुढं झालो, वाघीण हातात घेतली, फिरवून बघितली — साहेब लोक बघतात तशी — आणि म्हणालो, ‘काम झकास आहे. पन अक्षरं चुकली. जुन्या कंपनीची अक्षरं दाराच्या उजव्या अंगाले असत. ही डाव्या अंगाले आली.’

सगळे वाघिणीवर वाकले. मग कोणी तरी म्हणालं, ‘अरे! शेवटी रेल्वेचा मानूस तो रेल्वेचाच.’ ते वाक्य माझ्या कानाला किती गोड लागलं म्हणून सांगू? थू!

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मीही चिडलो असतो, दोन साडवांचं भांडण म्हणून मिटून गेलं असतं. ते हळूच म्हणाले, ‘बाबू, आपुन दोघांनी पानी मारून पाह्यलं होतं ना हो? डाव्या अंगाले होती ना?’

इथं परत फिरता येत होतं. ‘हो हो, माझंच चुकलं’ — एवढंच. लोक हसले असते, आणि हसं करून घेणं तर माझा धंदाच आहे. पण मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘मी तर उजव्या अंगालेच पाह्यली, भाऊ. तुमची नजर फिरली असन.’

पुढं किती तरी वेळा मी स्वतःला समजावलं की ती थट्टा होती. थट्टा? थट्टा सांगून संपवता येते. ही मला संपवता आली नाही, कारण ती थट्टा नव्हतीच. मला त्या माणसाला खाली बघायला लावायचं होतं. त्यांनी खाली बघितलं.

दिवाळीच्या आसपास मी त्यांच्या गावी गेलो. ओसरीवर बसून ते दाढीच्या पात्यानं वाघिणींवरची अक्षरं खरवडत होते. नव्या एकट्या वाघिणीवरची नव्हेत — सगळ्या गाडीवरची! वर्षानुवर्षं केलेलं सगळं. कारण एका ठिकाणी नजर फिरली, तर इतर ठिकाणी फिरली नसेल कशावरून? मांडीवर पांढरी भुकटी पडलेली. मला बघून उठले, अक्कांना चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, ‘बरं झालं तुमी बोलले. नाहीतं मी लोकाइले जल्मभर खोटं दाखवत राह्यलो असतो.’

मी चहा प्यायलो. साखर जरा कमी आहे, असंही म्हणालो.

खरवडलेल्या जागी नवा रंग बसवताना थोडा वेगळा लागतो. म्हणून त्या वाघिणींवर दाराच्या डाव्या अंगाला एक फिकट चौकोन कायमचा राहिला, आणि उजव्या अंगाला नवी कोरी अक्षरं. दरवर्षी मेहकरला भाऊ तो चौकोन बोट ठेवून दाखवायचे. ‘इथं माझी चूक झाली होती. आमच्या साडूनं धरली. रेल्वेचा मानूस हाय, त्याच्या नजरेतून सुटत नाही.’ मी बाजूला उभा असायचो. तोंड असं करायचो, जसा काही मी लाजतो आहे.

पत्र्यावरच भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोही नसतो. पण ज्या माणसाला हात न लावता कापसाची ओल कळायची, तो हळूहळू बाजारात शेजाऱ्याला विचारू लागला, ‘पाह्य बरं, ओला आहे काय? मले कोरडा दिसून राह्यला, पन माह्या नजरेचं काय खरं?’ आधी हसत विचारायचे. मग हसणं गेलं. शेवटी शेवटी घरातून निघताना कडी लावली आहे की नाही हे अक्कांना विचारायचे — हात कडीवर ठेवून. अक्का वैतागायच्या. ‘दिसत नाही काय तुमाले?’ ते म्हणायचे, ‘दिसते गं. दिसते. पन आहे काय?’

माणसं म्हणायची, वय झालं. वय? पन्नाशीही नव्हती. मी ऐकत होतो. मला नेमकं ठाऊक होतं तो प्रश्न त्यांच्या तोंडात कोणी घातला. आणि एवढी वर्षं, एवढ्या एसटीच्या प्रवासांत, एकाच बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो असताना, ती पेटी त्यांच्या मांडीवर असताना — मी त्यांना तिकीट-तपासनिसाची गोष्ट सांगायचो. पुन्हा पुन्हा. ते दर वेळी हसायचे.

या उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच.

‘आता कबूल करून काय उपयोग,’ असं कोणी म्हणू नका. आणि मी धीर एकवटला होता पण वेळ मिळाला नाही, असंही काही नाही. वेळच वेळ होता. मला सांगायचं नव्हतं. ते माझं नाव घ्यायचे ना, ‘आमच्या साडूनं’ म्हणून — ते मला आवडायचं. सांगितलं, आता ते पण सांगितलं.

परवा महालक्ष्म्या झाल्या. पेटी अक्कांनी मांडीवर घेऊन आणली. गाडी लागली. घरातल्या धाकट्या भाचीचं लग्न याच वर्षी झालं, तिचा नवरा पहिल्यांदाच आला होता. चुणचुणीत मुलगा. वाकून वाकून बघत होता. त्यानं तो फिकट चौकोन हेरला आणि विचारलं, ‘इथलं पुसून तिकडं काऊन लिहिलं हो?’

अक्का म्हणाल्या, ‘यांनले इचारा. यांनीच तं चूक काढून देली होती.’ आणि डोळ्यांना पदर लावला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्र्यंबकभाऊ नव्हते. माझ्या बोलण्यानं आता कोणाचा मान जाणार नव्हता — माझ्याशिवाय.

मी वाघीण हातात घेतली. फिरवून बघितली.

‘बरोबर आहे,’ म्हणालो. ‘उजव्या अंगालेच असतात.’

मग पाटपाणी झालं. त्या घरात आता थोरला जावई मीच. पहिला पाट माझा होता. मी जाऊन त्यावर बसलो.