काकूचं बोलावणं आणि रिंगरोडपलीकडचा फ्लॅट

बनारसला जायचं कधीपासून मनात घाटत होतं. शेवटी चुलतभाऊ अनंतच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत हे निमित्त झालं आणि पुण्याहून रेल्वेत बसले. तुम्ही जाणार असाल तर एक सांगते: स्टेशनवरून रिक्षा मैदागिनपर्यंतच. पुढे दूधविनायकच्या गल्ल्यांत, अनंतच्या जुन्या घरापर्यंत, पायीच जायचं, म्हणून सामान कमी न्या. मी भलीमोठी बॅग नेली आणि पस्तावले.

अनंतची आई, म्हणजे माझी काकू, दाराशीच उभी होती. काचबिंदूमुळे तिला जेमतेम उजेड-अंधार कळतो, पण गल्ल्या तिच्या पायांना पाठ आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षतांची वाटी घेऊन ती बोलावणं करायला निघाली. इथल्या जुन्या मराठी घरांत अजून दारात जाऊन अक्षता देतात. फोनवरचं बोलावणं काकू धरतच नाही. रामघाटापर्यंत आम्ही तीसेक घरं केली. वाटेत बैल, स्कूटर, शेण सगळं होतं. उगाच गुणगान गाणार नाही. पण मी हात धरायला गेले, तर म्हणाली, "सोड गं, तूच पडशील." कचोरीवाल्याने लांबूनच ओरडून सांगितलं, "माताजी, बाएं से! सांड़ बैठा है." घरोघरी चहा झाला. सगळे "पक्कं येतो" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी फ्लॅटवर गेलो. रिंगरोडच्याही पलीकडे, गाडीने दीड तास. शेतांचे प्लॉट पाडलेले, फुटपाथ नाही, दूध आणायलाही गाडी काढायची. मला पुण्यातलं माझंच उपनगर आठवलं आणि संतापच आला.

होम झाला, पानं मांडली. आले चार जण. इतक्या लांब यायला रिक्षावाले तयार होईनात. म्हाताऱ्या माणसांनी यायचं तरी कसं? काकू सारखी विचारत होती, "घंटी वाजली का रे?"

अनंत काही वाईट नाही. गल्लीत तिला स्कूटरने पाडलं, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर आहे, म्हणून तिला घेऊन इकडेच राहायला यायचं त्याने ठरवलं. तो कळवळून म्हणाला, "आई, यहाँ लिफ्ट है, गाडी दाराशी येते. और क्या चाहिए?"

"गाडी तू चालवतोस, बेटा. मी तर पायीच जाणार. कुठे जाऊ, ते सांग."

अनंत उरलेली पानं उचलायला लागला.

संध्याकाळी तिला गेटबाहेर नेलं. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. चार पावलांवर ती थांबली आणि तिने माझा दंड घट्ट धरला. मला रडूच आलं. आम्ही परत फिरलो.

पुण्याला परत येऊन दोन महिने झाले. बनारसला काय बघायचं, असं लोक विचारतात. घाट तर बघालच. मी म्हणते, गल्लीतच उतरा, पायी हिंडा, आणि आपल्या शहरात असं चालणं कुठे उरलंय ते घरी येऊन शोधा. मला माझ्या भागात तरी सापडलं नाही.

पूर्वी काकूला चार-चार वेळा फोन करावा लागायचा, कारण ती घरी सापडायचीच नाही. आता पहिल्याच रिंगला उचलते.